पाय लागला की मारला?

नाही, पण तुम्हीच मला सांगा, हार कशी मानायची यावर पाच मोठ्या माणसांनी सव्वा तास भांडावं? सव्वा तास! अहो, आम्ही चाळीस पोरी पहाटेपासून उपाशी, वजन वाढू नये म्हणून पाणीसुद्धा नुसतं ओठाला लावलेलं, हातांना पट्ट्या गुंडाळून बसलेल्या, आणि स्टेजवर पाच सर एकमेकांच्या अंगावर धावून जातायत, जिंकायचं कसं यावर नाही हो, हरायचं कसं यावर! मी उठून म्हटलं, "सर, आम्ही इथं हरायला आलोच नाही, तुम्ही शिट्टी वाजवा ना!" तर माइकवरून आवाज, "ए पोरी, मोठे बोलून राह्यले ना? बस खाली." बसले. काय करता? सुन्न! तुम्हाला सांगते, मी सुन्न!

म्हणजे झालं काय होतं, की आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदाच सगळ्या शैलींची मिळून एक खुली स्पर्धा ठेवली होती, मलकापूरला. कराटेवाले, तायक्वांदोवाले, किकबॉक्सिंग, वुशू, मुए थाई... ज्याला ज्याला हातानं नाहीतर पायानं समोरच्याला ठोकता येतं त्यानं यावं, नाव नोंदवावं आणि ठोकावं! कल्पना किती छान! पण हॉल कुठला? मंगल कार्यालय! आदल्या दिवशीचं लग्न उरकलेलं, स्टेजच्या मागे थर्माकोलची अक्षरं तशीच, 'शुभविवाह', त्यातला 'शु' गळून पडलेला, म्हणजे आम्ही दिवसभर 'भविवाह'च्या खाली मारामाऱ्या केल्या. आणि सूत्रसंचालनाला चंद्रशेखर नावाचे गृहस्थ, मूळचे लग्नातलेच, बहुतेक हॉलबरोबरच मिळाले असावेत, कारण त्यांना दुसरी भाषाच येत नाही! "आणि आता मंडपात आगमन होत आहेऽऽ लाल पक्षाकडून... चि. सौ. कां. ओवीऽऽ!" ओवी म्हणजे मी. चि. सौ. कां.! डोक्यात हेल्मेट, तोंडात दातांचं रबर, मुठी आवळून मी उभी, आणि हा माणूस मला चि. सौ. कां. म्हणतो! शिवाय हॉलमागच्या रुळांवरून मालगाडी धडधडत गेली की त्यांना वाटायचं टाळ्या पडल्या, "धन्यवाद, धन्यवाद" म्हणायचे.

हां, तर ते हार मानायचं. पाच शैली म्हणजे पाच सर, आणि पाच सर म्हणजे पाच खुणा! एक म्हणाले, हात वर करा. दुसरे म्हणाले, हात तर जिंकल्यावरही वर करतात, लोकांनी समजायचं काय? तिसरे म्हणाले, गादीवर थाप मारा. "उभ्या माणसानं वाकून थाप मारायची? तोवर समोरची मानेवर हाणते ना!" चौथे म्हणाले, पाठ फिरवा, झालं. हे ऐकल्याबरोबर पाचवे, म्हणजे मुख्य पंच शेषराव सर, तीस वर्षं कराटे शिकवून आवाज फाटलेला माणूस, ते खुर्चीवरून उठलेच. "पाठ? जिजाऊच्या जिल्ह्यात पोरी पाठ फिरवतीन? काऊन? लाज नाही वाटत?" आणि मग सरांनी स्वतःची खूण काढली. "ज्याले हार मानायची, त्यानं पुढच्याच्या खांद्याले हळूच हात लावायचा, अन् तो हात मंग आपल्या छातीले लावायचा. तू मोठा, मी लहान. बस! सभ्य काम." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मी! ही मान, हीच! तेव्हा कोणीतरी मला गदागदा हलवून म्हणायला नको होतं का, की बाई, नीट बघ, ही खूण तू कुठंतरी पाहिलीयेस? नाही म्हणालं कोणी. मला वाटलं, चला, आपल्याला थोडीच लागणार आहे ती!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय अडलं होतं तुझं जिंकण्यावाचून? अडलं होतं! किल्ली अडली होती! आमचं गाव अमडापूरच्या पुढं, लहानसं. गावात व्यायामशाळा आहे. पक्की, फरशीची, वर पत्रे, आत पंखासुद्धा. आणि तिला कुलूप. आत व्यायाम कोण करतं? गणपतीची मखरं! वर्षभर ती मखरं तिथं छाती काढून उभी असतात, आणि माझ्या अकरा पोरी, चौथीपासून बारावीपर्यंतच्या, ज्यांना मी कॉलेजात शिकलेलं तायक्वांदो शिकवते, त्या शाळेमागच्या मैदानात, गोट्यांत आणि गोखरूत अनवाणी. लाथ मारायची आणि खाली बसून काटा काढायचा. लाथ, काटा, लाथ, काटा. गेल्या महिन्यात एकीच्या टाचेत काच घुसली, चार टाके पडले, आणि तिच्या आईनं मला निरोप पाठवला, पोरगी आता येणार नाही. ती गेली की दुसरी जाईल, दुसरी गेली की तिसरी. म्हणून मी गेले भगवंतराव आबांकडे. आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, व्यायामशाळेचे अध्यक्ष, आणि किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला, म्हणजे ती मागणंसुद्धा किती अवघड बघा!

मी म्हटलं, "आबा, किल्ली द्या, पोरींना सराव करू दे."

"पोरीचं काय काम वं व्यायामशाळेत?"

"व्यायाम."

"लाथा मारणं म्हंजे काय व्यायाम होय? लाथा तं गाढवबी मारते."

मी म्हटलं, आबा, गाढवाला जिल्ह्याचं पदक मिळत नाही. झालं! चार माणसं हसली, आबांना लागलं, आणि त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं, "आण मंग! सोन्याचं पदक आण अन् किल्ली घेऊन जाय. नाही आणलं, तं लाथा बंद. मैदानातल्याबी!" मी म्हटलं, आणते. तेही तोऱ्यात!

आता सराव. तो मात्र अडीच वर्षांपासूनच चालू होता. सरावाला लाथ मारायची पिशवी लागते, ती आमच्याकडे नाही. मग मी आमच्या गोठ्याच्या अँगलला सोयाबीनचा अर्धा कट्टा, म्हणजे अर्धं पोतं, टांगला. झकास काम! लाथ बसली की धप्प आवाज यायचा, असा धप्प की काळजाला गारवा. पहिली लाथ मारली आणि ओसरीतून किंकाळी! माझी आजी, सोजराबाई. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठरा.

"काय करून राह्यली वं ओवे! अन्नाले लाथ? पाया पड! पाया पड पह्यले!"

मी म्हटलं, "आजी, सोयाबीन आहे ते. आपण खातो का सोयाबीन? ते कारखान्यात जातं तेल काढायला."

"अन् तेल कोण खाते? तुही सासू? पाया पड!"

वाद घालून बघितला हो! बी. एस्सी. झालेली मुलगी मी, वाद घातल्याशिवाय पाणी पीत नाही. पण आजीनं सरळ विळा घेतला आणि कट्ट्याची दोरी धरली. एक तर पाया पड, नाहीतर कट्टा खाली. म्हणून मी कट्ट्याला हात लावला, तो छातीला लावला, झालं समाधान? झालं. दुसरी लाथ. धप्प. "पाया पड!" तिसरी. धप्प. "पाया पड!" आजी ओसरीत बसून तूर निवडायची, मान वर करायची नाही, पण धप्प ऐकलं की हाक आलीच. तुम्ही हिशेब करा, रोज दोनशे लाथा, आणि दोनशे नमस्कार, अडीच वर्षं! जगात कुठल्याही खेळाडूनं पिशवीला एवढा मान दिला नसेल! पुढे पुढे तर मला कळायचंही नाही, आजी "पाया..." म्हणेपर्यंत हात जाऊन परत आलेला असायचा.

तर मलकापूर. माझी पहिली लढत कराटेच्या मुलीशी. बिचारी फार शिस्तीची. तिनं माझ्या पोटाला नुसती मूठ टेकवली, "हीऽऽय" केलं आणि थांबली. गुण मोजायला थांबली! मी कशाला थांबू? मी लाथ ठेवून दिली बरगडीत. तेव्हा माझा उजवा हात किंचित हलला होता, पण मला वाटलं, ग्लोव्ह सैल असेल. दुसरी लढत वुशूवालीशी, तीही जिंकले. म्हणजे मी फायनलला! समोर साखरखेर्ड्याची मंजुश्री, किकबॉक्सिंगची, माझ्यापेक्षा वर्षानं लहान, पण खांदे असे की दारातून तिरकं जावं लागत असेल. आणि फायनल सुरू होणार, एवढ्यात मागच्या दारातून ओळखीचा आवाज... "काहो भाऊ, पंगत कुठं हाय?"

सुन्न! मी सुन्न! आजी! तीन एसट्या बदलून, राजूर घाटात ओकाऱ्या काढून, हातात भाकर-ठेच्याचं गाठोडं घेऊन आजी! मंगल कार्यालय म्हटल्यावर तिला पहिली पंगत सुचली, तेही एक वेळ समजू शकते. पण तिच्या मागे कोण? भगवंतराव आबा! धोतर, टोपी, आणि करगोट्याची किल्ली वर काढून सदऱ्यावर लटकवलेली, मला दिसावी म्हणून! चंद्रशेखरनं लगेच माइक घेतला, "मुलीकडची वडीलधारी मंडळी आलेली आहेत, त्यांना विनंती की त्यांनी पुढच्या सोफ्यावर बसावं." बसली. नवरा-नवरीच्या सोफ्यावर. माझ्यापासून बारा फुटांवर.

शिट्टी झाली. आणि काय सांगू तुम्हाला, ती मंजुश्री! पहिल्या मिनिटात तिनं मला दोन ठोसे असे दिले की मला 'शु' परत जागेवर गेलेला दिसला. मी दोन लाथा हाणायला गेले, दोन्ही हवेत. आजी तिथून, "अवं माय, मारून राह्यली नं ते तुले! तू काऊन उभी हायेस?" जशी काही मी बसस्टॉपवर उभी आहे! मग मी सावरले. एक ठोसा, दुसरा ठोसा, पोटात एक... चार-चार. बरोबरी. शेवटची पंधरा सेकंदं. डोक्याला लाथ बसली तर तीन गुण. माझ्या डोळ्यांपुढं मंजुश्री नाही, आबा नाहीत, फक्त त्या अकरा पोरींचे चोवीस तळपाय... बावीस, बावीस! बघा, आठवलं तरी गणित चुकतं. ती पुढे आली, उजवा हात जरा खाली आला, आणि मी फिरले, आणि माझा पाय असा गेला, असा गेला, की आयुष्यात गेला नव्हता, सरळ तिच्या हेल्मेटवर, कानाच्या वर...

धप्प!

तोच आवाज! हुबेहूब कट्टा! तीन गुण! सात-चार! हॉल उठून उभा! आणि त्या सगळ्या गोंगाटातून, मालगाडीतून, माइकमधून, बारा फुटांवरून...

"पाया पड वंऽऽऽ!"

तुम्हाला सांगते, मी काहीच केलं नाही. मी शपथेवर सांगते, मी, ही बाई, हिनं काहीच केलं नाही. हातानं केलं. हात गेला, मंजुश्रीच्या खांद्याला लागला, आणि परत येऊन माझ्या छातीला लागला. आणि ती मंजुश्री? तीही शेवटी आपल्यातलीच! घेरी आलेली, एक डोळा मिटलेला, पण तोंडातल्या रबरातून मला म्हणते काय, "अफू द्या, अफू द्या ताई." असू द्या! शेषराव सरांनी शिट्टी वाजवली. "लाल पक्षानं हार मानली!"

सुन्न. पण आता ओरडत सुन्न!

"सर, मी हार नाही मानली!"

"मंग खांद्याले हात काऊन लावला?"

"पाय लागला म्हणून!"

"लागला?" सर थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पाय लागला, का मारला?"

आता बघा हं, प्रश्न किती साधा! लागला की मारला? मी म्हटलं, "मारला!" सर म्हणाले, "मारला तं नमस्कार कायचा? मुद्दाम मारून कोणी पाया पडते का? म्हंजे ते हारच." मी म्हटलं, "बरं, लागला!" सर म्हणाले, "लागला तं चुकून लागला. चुकून लागलेल्या लाथेचे गुण नाहीत. गुण नाहीत तं चार-चार. अन् चार-चारवर पहिला ठोसा कोणाचा? तिचा. मंग तेच जिंकली." तुम्ही वकिलाला विचारा, न्यायाधीशाला विचारा, आहे का यातून वाट? मारला म्हटलं तरी मी हरले, लागला म्हटलं तरी मी हरले! पाचही सर परत भांडायला बसले. लग्नाचा शूटिंगवाला होता, त्यानं ती लाथ पडद्यावर लावली, सावकाश करून. त्याच्या मशीनमध्ये कायमची सोय केलेली असावी, कारण माझा पाय हवेत, आणि चारी बाजूंनी गुलाबाच्या पाकळ्या पडतायत! माझी लाथ, पाकळ्या, धप्प, पाकळ्या, नमस्कार, आणि मधोमध बदामात मी आणि मंजुश्री! मंजुश्री डोक्याला बर्फ धरून माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणते, "ताई, माझ्या कानात अजून शिट्ट्या वाजायल्यात. ह्याला हे लोक 'लागला' म्हणतेत?"

निकाल तोच राहिला. सोनं तिला. मला चांदी. आणि सोफ्यावरून भगवंतराव आबा उठले. किल्लीला हात लावत माझ्याकडे आले. मी मान खाली घातली. मनात अकरा पोरींना एकेक करून घरी पाठवलं. आता हा म्हातारा म्हणणार, 'पाह्यलं? लाथा बंद.' वर बघितलं तर आबांच्या डोळ्यांत पाणी!

"ओवे," म्हणे, "सोनं तं कोणीबी आणते वं. पण लाथ मारून पाया पडणारी पोट्टी म्या सत्तर वर्षांत पाह्यली नाही." आणि करगोटा ढिला करून, सगळ्या हॉलसमोर, ती किल्ली काढून माझ्या ग्लोव्हमध्ये ठेवली! शेषराव सरांनी डोळे पुसले. चंद्रशेखर म्हणाला, "पाठवणीचा हा भावुक क्षण..."

सुन्न! अहो, मी अडीच वर्षं पाय कानाला लावून लावून जे कमवायला गेले, ते मला मिळालं कशानं? हातानं! जी चूक केली त्या चुकीला किल्ली, आणि जी लाथ आयुष्यात एकदाच बसते, ती गेली पाकळ्यांत! मी म्हणणारच होते, आबा, ते संस्कार नव्हते, ती सवय होती, आणि तीसुद्धा सोयाबीनची! तोंड उघडलंच होतं. तर आजीनं मागून चिमटा काढला आणि कानात म्हणाली, "किल्ली भेटली नं? मंग तोंड काऊन उघडून राह्यली?" मिटलं. आणि आबांनी जाता जाता बोट वर केलं. "पण एक. माह्या व्यायामशाळेत एक लाथ, एक नमस्कार. रोज." हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय? आबा काय सकाळी सहाला मोजायला येणार आहेत?

सोमवारी कुलूप उघडलं. मखरं एका कोपऱ्यात लावली, फरशी धुतली, टाके पडलेल्या पोरीच्या आईला हाताला धरून आणून फरशी दाखवली, तीही पोरगी परत आली. अकराच्या अकरा. आणि नवी पिशवी टांगली, शिंप्याकडच्या चिंध्या ठासून भरलेली. मी पोरींसमोर भाषण केलं. म्हटलं, "नीट ऐका. यात अन्न नाही, धान्य नाही, लक्ष्मी नाही, कोणी नाही. नुसत्या चिंध्या आहेत. मोठ्या माणसांचं सगळंच ऐकायचं नसतं. इथं फक्त लाथ मारायची. नमस्कार-बिमस्कार काही नाही!" पोरी खूश. टाळ्या! सगळ्यात धाकटी, चौथीतली, पुढे आली. फिरली. काय सुंदर लाथ! धप्प!

"पाया पड!"

मी गर्रकन मागे वळले. म्हटलं, ही म्हातारी इथंही आली? दारात कोणी नाही. खिडकीत कोणी नाही. आजी घरी तूर निवडत होती. परत वळले, तर अकराच्या अकरा पोरी टक लावून माझ्याच तोंडाकडे बघत होत्या.

सुन्न.

मग काय करता... त्या धाकटीनं पिशवीला हात लावला, छातीला लावला, आणि मी म्हटलं, हं, चला, पुढची.